गाडी विलायतेची, नट आग्रा रोडचा

आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण होते आणि प्रत्येक खणात तेलकट पत्र्याचा एक डबा होता. डब्यावर पिवळ्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असे आणि तिच्यावर माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या ठसठशीत अक्षरात मालाचे नाव, माप आणि नग लिहिलेले असत. अक्षरओळख झाल्यावर जे पहिले शब्द मी स्वतःहून जोडून वाचले ते याच चिठ्ठ्यांवरचे: मॉरिस, विलीज, फियाट, डॉज, बेडफर्ड. साक्री, शिरपूर, दोंडाईचा ही जशी गावे, तशीच हीही कुठली तरी जवळपासची गावे असावीत आणि तिथला माल आमच्याकडे येत असावा, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. ज्या गावात दोन मोठे रस्ते भेटतात त्या गावात गाड्या थांबतात, आणि थांबलेल्या गाड्यांपैकी काही पुढे निघायचे नाव घेत नाहीत. अशा अडून बसलेल्या गाड्यांच्या भरवशावर आप्पांनी १९६८ साली आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत मोटर पार्टचे दुकान टाकले. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारातून खरेदी केलेला माल चाळीसगावमार्गे रेल्वे पार्सलने यायचा. सुटीच्या दिवसांत मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून खतावणी लिहीत असे. आज मी जळगावच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. आयात-निर्यातीचा धडा आला की पुस्तकातल्या व्याख्येआधी मला त्या खणांची भिंत आठवते.

कारण ‘इंपोर्टेड’ हा शब्द आमच्या काउंटरवर रोज उच्चारला जाई, पण तो गाडीला कधीच लागत नसे. गाडी सरळ ‘मॉरिस’ किंवा ‘फियाट’ असे. इंपोर्टेड असायचे ते बेअरिंग, फार तर पिस्टनच्या रिंगा. आयात परवान्यावर चालण्याच्या त्या काळात जपानी किंवा जर्मन बेअरिंग क्वचितच हाती लागे आणि आप्पा ते गल्ल्याखालच्या कुलुपाच्या कप्प्यात ठेवत. ओळखीचे गिऱ्हाईक आले की ते बाहेर निघे. वरचा पुठ्ठ्याचा खोका, आत मेणकापडासारखा तपकिरी कागद, त्याच्या आत जाडसर ग्रीसमध्ये माखलेली कडी. आप्पा ती धोतराला लागू न देता फडक्याने पुसत, डाव्या हाताच्या अंगठ्यावर अडकवून उजव्या तर्जनीने फिरवत आणि कानाजवळ नेत. चांगले बेअरिंग फिरताना जवळजवळ आवाजच करत नाही, फक्त एक बारीक, अखंड सुस्कारा ऐकू येतो. बाजारात ‘मेड इन जपान’ असा छाप मारलेला बनावट मालही भरपूर असे आणि तो खोक्यावरून ओळखता येत नसे. तो फिरवला की मध्येच किरकिरत असे. ‘छाप डोळ्याला फसवतो, कानाला नाही’, असे म्हणून आप्पा ते बेअरिंग माझ्या कानाला लावत.

अख्खी गाडी परदेशी असूनही ती कोणाला परदेशी वाटत नाही आणि तिच्यातले मुठीएवढे बेअरिंग मात्र परदेशी म्हणून जपले जाते, ही गोष्ट तेव्हा मला विचित्र वाटली नाही. आज वाटते, आणि तिचा अर्थ लावावा म्हणूनच हे लिहायला घेतले आहे.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते आधी सांगायला हवे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जोडायचा कारखाना काढला. फोर्डचीही अशीच जोडणी इथे चाले. १९४८ साली एसटी सुरू होण्याआधी जिल्ह्याजिल्ह्यांत खासगी ‘मोटर सर्व्हिस’ धावत, त्यांत शेव्हरोले आणि फोर्ड यांचाच भरणा असे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या आल्या आणि आमच्याकडे ‘डिस्पोजलची जीप’ असा शब्दच रूढ झाला. पुढे १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की, ज्यांना गाडीचे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम हाती घ्यायचा असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड तेव्हा गाशा गुंडाळून गेल्या. राहिले ते बिर्लांचे हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंदांचे कुर्ल्याचे प्रीमियर आणि विलीज जीप जोडता जोडता ती बनवायला शिकलेले महिंद्र. इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड इथे अँबेसेडर झाली, इटलीची फियाट ११०० पुढे पद्मिनी झाली आणि ओहायोची जीप सातपुड्यात चढली.

या धोरणावर पुष्कळ टीका झाली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि तीस-तीस वर्षे त्याच त्या गाड्या रस्त्यावर दिसत. तरीही काउंटरमागून पाहिलेली एक गोष्ट त्या टीकेत सहसा येत नाही. गाडी बदलत नव्हती म्हणून तिचा नट न नट गावोगाव पाठ झाला. लुधियाना, राजकोट, दिल्लीचे काश्मिरी गेट अशा ठिकाणांहून तिचे भाग येऊ लागले. काही भाग तर धुळ्यातल्या लेथवर घडत. गाडीचे परदेशीपण कोणी पुसून टाकले नाही, ते वापराने झिजले.

आमच्या दुकानाला लागूनच एका मिस्तरीकाकांचे गॅरेज होते. त्यांच्या पानापेटीत दोन कप्पे होते, एकात इंची पाने आणि दुसऱ्यात मिलिमीटरचे. अँबेसेडर आणि जीप आली की ‘नऊ-सोळाचा दे’ अशी हाक येई आणि फियाट आली की ‘बारा-तेराचा’. इंग्रज-अमेरिकनांचा इंच आणि इटलीचा मिलिमीटर त्यांच्याकडच्या चौथी शिकलेल्या पोऱ्याला न बघता, नुसत्या हाताच्या स्पर्शाने वेगळा काढता येई. मी एकदा काकांना विचारले की, इतक्या लांबच्या देशांतली गाडी तुम्हाला कशी कळते. ते बोनेटमधून मान बाहेर न काढता म्हणाले, ‘पोरी, गाडी विलायतनी ऱ्हास, पन नट तिले आठलाच लागस.’ म्हणजे गाडी विलायतेची असते, पण नट तिला इथलाच लागतो.

खान्देशचा उन्हाळा या गाड्यांच्या जन्मदात्यांनी पाहिलेला नव्हता. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि थंड मुलुखात बेतलेले इंजिन इथे दुपारी बारा वाजता घाटात धापा टाकू लागते. लळिंगच्या घाटात अँबेसेडर बंद पडली की जाणता ड्रायव्हर बोनेट उघडून पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवी. उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ धरते, वाफ पंपाला ओढता येत नाही आणि इंजिन उपाशी राहते. फडक्याने पंप निवला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी निघते. हे शास्त्र त्या ड्रायव्हरला कोणी शिकवले नव्हते. मिस्तरीकाका तर गाडी पहिल्यांदा हाती आली की तिचा थर्मोस्टॅट काढून बाजूलाच ठेवत. इंजिन लवकर तापावे म्हणून बसवलेली ती झडप आमच्याकडे कशाला हवी, असा त्यांचा सवाल असे. इंजिनीअर लोक या उपायाला नाके मुरडतात, आणि इंजिनाच्या आयुष्याचा विचार केला तर त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. पण गाडी इथल्या हवेला कशी लावून घ्यायची याचा विचार कोणीतरी करतो आहे, हे मला त्या काढून ठेवलेल्या थर्मोस्टॅटमध्ये दिसायचे.

गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातली गळती रोखणारा थर, कापताना मिस्तरीकाकांना पाहणे हा तर सोहळा असे. एखाद्या जुन्या डॉजचे गॅस्केट कोणाच्याच डब्यात नसले की ते दुकानातून गॅस्केटच्या कागदाचा तुकडा नेत, तो थेट इंजिनाच्या तोंडावर अंथरत आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके देत जात. खालच्या धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जाई. बोल्टच्या भोकांवर ते स्टीलची गोळी ठेवून एक ठोका देत आणि भोक स्वच्छ गोल पडे. वीस मिनिटांत डेट्रॉइटच्या मापाचे गॅस्केट धुळ्यात तयार होई. उरलेल्या कागदावर त्याची बाहेरची रेघ राहिलेली असे. तो कागद ते टाकत नसत. भिंतीवरच्या खिळ्याला लावून ठेवत, पुढच्या वेळी नमुना म्हणून.

परदेशी गाडी रोजच्या जगण्यात किती मुरते, याचा सगळ्यात ठळक दाखला आमच्याकडची काळी-पिवळी आहे. शहाद्याहून धडगावकडे, चोपड्याहून यावलकडे, पारोळ्याहून एरंडोलकडे जाताना आम्ही सगळे ट्रॅक्समध्ये कोंबून बसलेलो आहोत. मेथीच्या जुड्या, कोंबडीची पाटी, मांडीवर दुसऱ्याचे मूल. त्या टेम्पो ट्रॅक्सच्या पोटात जे २.४ लिटरचे डिझेल इंजिन होते ते मूळचे मर्सिडीजचे होते. १९७० च्या दशकात जर्मनीत ते मर्सिडीजच्या डिझेल कारमध्ये बसत असे आणि परवान्याने बजाज टेम्पोकडे आले. महिंद्रच्या जीपमध्ये फ्रान्सच्या प्युजोचे डिझेल इंजिन होते आणि आमच्या दुकानात त्याच्या भागांना अजूनही ‘प्युजोचा माल’ म्हणतात. मर्सिडीज म्हणजे सिनेमातल्या श्रीमंताची गाडी, असे ज्यांना वाटे त्यांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना आयुष्यभर मर्सिडीजच्याच इंजिनावर प्रवास केला. त्यांना ते कोणी सांगितले नाही आणि सांगायची गरजही पडली नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली तेव्हा आप्पा पहिल्यांदा अस्वस्थ झालेले मी पाहिले. सुरुवातीच्या मारुती जपानच्या सुझुकीकडून आलेल्या सुट्या भागांतून जोडलेल्या होत्या. धुळ्यातल्या एका डॉक्टरांची मारुती बिघडली, त्यांचा ड्रायव्हर काउंटरवर आला आणि आप्पांना ‘नाही’ म्हणावे लागले. इतक्या डब्यांच्या भिंतीसमोर उभे राहून ‘नाही’ म्हणणे त्यांना लागले. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, ‘डबा रिकामा ठेवून देतो एक.’ आणि खरोखर त्यांनी खालच्या रांगेतला एक खण मोकळा केला आणि त्यातल्या डब्यावर नुसते ‘मारुती’ लिहून ठेवले. सरकारची अट होती की भाग टप्प्याटप्प्याने भारतातच बनले पाहिजेत, त्यामुळे काही वर्षांतच गुडगावच्या आसपास कारखाने उभे राहिले आणि तो खण क्लच प्लेटा, प्लग, फिल्टर यांनी भरला. पुढे आमच्या दुकानाचा निम्मा धंदा त्या एका खणापासून सुरू झालेल्या रांगेतून होऊ लागला. कुठलीही गाडी आपली कधी होते, याचे माझे मोजमाप तेव्हापासून हे आहे: तिच्या नावाचा डबा आग्रा रोडवर भरतो तेव्हा.

आता आजच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने बाहेरून येणाऱ्या गाड्यांकडे येते. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरचे संख्येचे निर्बंध उठले आणि पूर्ण बांधलेली गाडी बोटीतून उतरवणे कायद्याने शक्य झाले. तिच्यावरची करआकारणी मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवते, कारण मुलांना ती ऐकून खरी वाटत नाही. अनेक वर्षे ४० हजार डॉलरहून महाग गाडीवर १०० टक्के सीमाशुल्क होते, म्हणजे शंभराची गाडी बंदरातच दोनशेची होई, आणि मग त्या दोनशेवर अंतर्गत कर लागत. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणले, पण त्याच्या जोडीला ४० टक्क्यांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर बसवला, तेव्हा बेरजेत गाडी स्वस्त झाली नाही. उलट सुटे भाग आणून इथे जोडले तर शुल्क पुष्कळ कमी. म्हणून तर मोठ्या परदेशी कंपन्यांच्या पुष्कळ गाड्या चाकण किंवा शेंद्र्यात जोडल्या जातात. अजिंठ्याचा घाट चढून गेले की शेंद्रा आमच्यापासून काही तासांवर आहे. २००१ मध्ये तिथे स्कोडाची जोडणी सुरू झाली तेव्हा जळगावची मुले नोकरीच्या आशेने अर्ज घेऊन गेली होती.

शेंद्रा ज्या शहराजवळ आहे त्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादमधली, २०१० ची बातमी खान्देशात महिनोन्‌महिने चघळली गेली. तिथल्या उद्योजक-व्यापाऱ्यांनी मिळून एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. आमच्याकडे तिच्यावर दोन तट पडले. तरुणांना त्यात छोट्या शहराचा मान दिसला. दाणा बाजारातल्या जुन्या आडत्यांना मात्र ते पटले नाही, कारण त्यांच्या हिशेबात पत ही पायी चालत दुकानात येणाऱ्या माणसाची असते. केळीचा किंवा कापसाचा व्यापार आजही मोठ्या प्रमाणात जबानीवर चालतो, माल आज उचलला जातो आणि पैसे मागून येतात, त्यामुळे समोरच्याची गाडी हा वागण्याचा पुरावा म्हणून वाचला जातो. फार जुनी गाडी असेल तर हात आखडलेला, फार महाग असेल तर दुसऱ्याच्या पैशावर फिरतो. माझ्या ओळखीचे एक व्यापारी बँकेत जाताना परदेशी गाडी घेऊन जातात आणि शेतकऱ्यांकडे जाताना बोलेरो. मला त्यात लबाडी दिसत नाही. दोन्ही ठिकाणी ते पतच मांडत असतात, फक्त वजनमापे वेगळी असतात.

लग्नसराईत या गाड्यांचा वेगळाच व्यवहार चालतो. मुंबई-पुण्यात चार-पाच वर्षे वापरलेली गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळते. ती एमएच १८ किंवा एमएच १९ मध्ये पासिंग करून आणायची, पांढरी असेल तर उत्तमच, आणि नवरदेवासाठी भाड्याने द्यायची. तुळशीच्या लग्नापासून आखाजीपर्यंत ती झेंडूच्या माळा मिरवते आणि उरलेले दिवस ताडपत्रीखाली उभी राहते. घेताना स्वस्त पडलेली ही गाडी बिघडली की काय होते, हे मात्र ती घेणाऱ्याला आधी कोणी सांगत नाही.

ते मी घरातच पाहिले. माझे मामेभाऊ रावेर तालुक्यात केळी करतात. त्यांच्या बागेतला माल दिल्लीपर्यंत जातो. घाम गाळून मिळवलेल्या पैशातून त्यांनी तीन वर्षांपूर्वी एक जर्मन गाडी घेतली, आणि मला तेव्हा मनापासून आनंद झाला होता, कारण ज्याचे आजोबा बैलगाडीतून केळीचे घड सावदा स्टेशनावर नेत, त्याने ती गाडी घ्यावी यात मला न्याय वाटला. ती कोठाराजवळच्या शेडमध्ये उभी असे. मागच्या आषाढात आठ दिवस झड लागली, गाडी बाहेर निघाली नाही आणि उंदरांनी बोनेटखालची वायरिंग कुरतडली. गाडी नाशिकच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला उचलून न्यावी लागली. तिथे सांगितले की तुटलेल्या वायरा जोडून मिळत नाहीत, वायरिंगचा अख्खा संच बदलावा लागतो, तो परदेशातून मागवावा लागतो आणि तारीख सांगता येत नाही. खर्चाचा आकडा एका नव्या छोट्या गाडीइतका होता. विमा कंपनीने उंदराचे नुकसान पॉलिसीत बसत नाही असे कळवले. सात आठवडे गाडी तिथे उभी राहिली. दादा दर सोमवारी फोन करत आणि दर सोमवारी त्यांना नव्याने सगळी हकीकत सांगावी लागे, कारण फोन उचलणारा माणूस बदललेला असे. शेवटी ते टेम्पोवर घालून गाडी परत घेऊन आले.

मला राग आला तो उंदरांचा नव्हे. सीमाशुल्क, जीएसटी, नोंदणी, विमा असे सगळे भरून विकत घेतलेल्या वस्तूचे बोनेट उघडण्याचा अधिकार मालकाला नसावा, याचा आला. हे काही आमच्याच घरचे गाऱ्हाणे नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मिस्तऱ्यांना मिळू न देणे हा स्पर्धेच्या कायद्याचा भंग आहे, असे ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर एक पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला आणि त्यानुसार ठरावीक संख्येपर्यंत तिथल्या गाड्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. त्याच महिन्यात टेस्लाने मुंबईत दुकान उघडले आणि बाहेर बांधलेली गाडी साठ लाखांच्या घरात विकायला ठेवली. पुढच्या काळात आणखी गाड्या येणार, हे उघड आहे. त्या याव्यात, माझी काहीच हरकत नाही. पण १९५३ मध्ये निदान कोणीतरी विचारले होते की गाडीबरोबर तिची विद्या येणार आहे की नाही. आज शुल्काच्या टक्क्यांवर इतकी चर्चा होते, त्यात हा प्रश्न मला कुठे ऐकू येत नाही.

दादांची गाडी अखेर जळगावला अजिंठा चौफुलीजवळच्या एका तरुण इलेक्ट्रिशियनकडे गेली. आयटीआय झालेला, पंचविशीतला मुलगा. त्याने आधीच सांगितले, ‘ताई, गाडी चालू करून देतो, पण डॅशबोर्डवरचा एक दिवा जाणार नाही. तो घालवायला कंपनीचा स्कॅनर लागतो आणि तो मला मिळत नाही.’ मी मुद्दाम दुपारभर तिथे बसले. त्याने तुटलेल्या एकोणतीस वायरा मोजल्या. प्रत्येक वायरीचा मुख्य रंग आणि तिच्यावरच्या बारीक रेघेचा रंग त्याने दोनशे पानी वहीत लिहिला: तपकिरी-पांढरी, निळी-लाल, हिरवी-जांभळी. दोन्ही टोके सोलून, त्यांवर आधी काळी नळी सरकवून, तो तारा एकमेकींत विणत असे, सोल्डरचा थेंब सोडत असे आणि मग गरम हवेने नळी आवळत असे. तीन ठिकाणी वायर कनेक्टरच्या मुळाशीच कुरतडलेली होती, तिथे जोडायला तारच उरली नव्हती. तिथल्या पितळी पिना त्याने शिवणाच्या सुईने हळूच बाहेर काढल्या, व्हर्निअरने मापल्या आणि वहीत त्यांची चित्रे काढली. संध्याकाळी गाडी सुरू झाली. त्याने सांगितल्याप्रमाणे एक पिवळा दिवा तेवढा राहिला, तो अजून आहे.

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेले तेव्हा त्यातली एक पिन नमुना म्हणून बरोबर नेली होती, कारण मुलाला तशा पिना जळगावात कुठे मिळाल्या नव्हत्या. तीन त्याने दुसऱ्या एका मोडीतल्या गाडीच्या कनेक्टरमधून काढून भागवल्या होत्या. आप्पा आता दुकानात बसत नाहीत, भाऊ बसतो, पण सकाळी तासभर ते खुर्ची टाकून असतात. त्यांचे डोळे अधू झाले आहेत. त्यांनी पिन तळहातावर घेतली, अंगठ्याने दोन-तीनदा फिरवली आणि नखाने तिची जीभ दाबून पाहिली. मग गाडी कोणती, काम कोणी केले, मुलगा कुठे शिकला, हे सगळे विचारले. त्याने वही लिहिली आहे हे मी सांगितले तेव्हा ‘लिहिली का?’ असे त्यांनी दोनदा विचारले. भावाने मुंबईला फोन लावला. चौथ्या दुकानदाराकडे तशी पिन होती. तो सुटी द्यायला तयार नव्हता, पन्नासाचे पाकीट घ्या म्हणाला. भाऊ म्हणाला, धुळ्यात पन्नास कधी खपायच्या. आप्पा म्हणाले, मागव.

पाकीट गुरुवारी पार्सलने आले. खालच्या रांगेतला एक डबा पुसून घेतला होता. चिठ्ठी आप्पांनीच लिहिली, अक्षर आता थोडे वाकडे येते: ‘पिन, वायरिंग, जर्मन, दीड मिमी, नग ५०’. त्याच दिवशी जळगावच्या मुलासाठी दहा काढल्या आणि पन्नास खोडून चाळीस केले.